गल्ली नंबर पाचचं माहेर

हिलाल आप्पांना हळू बोलता येत नव्हतं. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस. समोरचा दोन हातांच्या अंतरावर उभा असला तरी तो कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला आहे असं धरूनच ते बोलायचे. त्यामुळे सुरतेतल्या नवागामच्या आमच्या नऊ गल्ल्यांत कुणाचंही गुपित आप्पांच्या कानावर गेलं, की त्याचं आयुष्य संपलं. "बाई, कोणाला सांगू नका हं," असं ते मला बजावायचे आणि समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई तिथूनच म्हणायची, "नाही सांगणार आप्पा."

हिलाल हे नाव खानदेशात असतं. मला ते ठाऊक नव्हतं, कारण मी पुण्याची. पुण्याच्या माणसाला पुण्याबाहेरचं जे ठाऊक नसतं ते चुकीचंच आहे असं वाटतं, तसं मलाही वाटलं होतं. नव्वदच्या सुमारास मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून सुरतेला आले. घरात आत्या, माम्या, काकवा मिळून अकरा बायका माझ्या लग्नामागे हात धुऊन लागल्या होत्या. जिथं मी कुणाची कुणी लागत नाही असं गाव मला हवं होतं. गुजराती घरमालकानं "बेन, एकला ज?" एवढं एकच विचारलं आणि किल्ली हातात ठेवली. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

हे सुख एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बुटका, काळासावळा, पन्नाशीचा माणूस उभा. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, आणि चेहऱ्याच्या मानानं दोन नंबर मोठं नाक.

"बाई, तुमचं इथं कोण?"

"कोणी नाही."

"असं कसं?"

"असंच."

"आजारी पडल्यावर?"

"डॉक्टरकडे जाईन."

"मेल्यावर?"

ओळख होऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं. मी म्हटलं, "मेल्यावर मला काय करायचंय? घरमालक बघेल." यावर गृहस्थ एकदम खूश झाले. "तिखट आहेत!" असं त्यांनी मागं वळून गल्लीला जाहीर केलं, आणि मग मला म्हणाले, "चार नंबर गल्लीतल्या भटूला बहीण नाही. त्याला तुमचा भाऊ करू?"

"मला भाऊ आहे. पुण्याला."

"तो पुण्याला. इथं कोण?"

मी दार लोटायला लागले. ते म्हणाले, "ठीक आहे, घाई नाही," आणि गेले. जणू मीच अर्ज घेऊन गेले होते आणि त्यांनी तो विचाराधीन ठेवला होता.

हा आप्पांचा धंदाच होता, बिनपगारी. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसं सुरतेला लूमवर कामाला यायची. कारखान्याला इथं खातं म्हणतात. तर खात्यात नोकरी मिळायची, नवागामला खोली मिळायची, पण माणूस यायचा एकटा नाहीतर बायकोला घेऊन. मामा, आत्या, काका सगळे गावाकडे. आणि आपल्याकडे कुठलंही कार्य घ्या, त्याला नातेवाईक लागतातच. बारशाला आत्या लागते, लग्नात नवरीमागे मामा लागतो, पहिल्या बाळंतपणाला माहेर लागतं. आप्पांनी ठरवून टाकलं होतं की जी जागा रिकामी असेल ती भरायची. नवा माणूस रेल्वेतून उतरून गल्लीत शिरला की आप्पा त्याला अहिराणीत गाठायचे. "तुनं आठे कोन शे?" इथं तुझं कोण आहे? तो "कोनी नही" म्हणाला की झालंच. "हाऊ तुना भाऊ. आजपाईन." हा तुझा भाऊ, आजपासून. कुणाला विचारणं नाही, पसंती नाही, काही नाही. आणि एकदा नेमलेलं नातं कायमचं. आमच्या शाळेत शिपायाला कायम व्हायला दहा वर्षं लागायची, आप्पांकडे दहा सेकंद पुरायची.

यात गंमत म्हणजे आप्पांचा स्वतःचा सख्खा भाऊ गावाकडे जिवंत होता आणि शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं वीस वर्षं बंद होतं. मी एकदा त्यावरून डिवचलं. आप्पा म्हणाले, "तो मी नेमलेला नाही ना, बाई. तो आपोआप आलेला."

त्यांच्या नेमणुकांतली सगळ्यात अजब नेमणूक म्हणजे बलराम. तीन नंबरमधल्या एका पोरीचं लग्न होतं आणि तिचा धुळ्याकडचा खरा मामा ऐन वेळी रुसला. पत्रिका पोस्टानं आली, हातानं दिली नाही, हा त्याचा राग. मुहूर्ताला तासभर उरलेला, पोरीची आई डोकं धरून बसलेली. आप्पा तरातरा खात्यात गेले आणि पाळी संपवून हात धूत असलेल्या एका ओडिया कारागिराला घेऊन आले. त्याच्या डोक्यावर फेटा बांधत ते हिंदीत म्हणाले, "आज से तुम मामा."

बलराम भाबडेपणानं म्हणाला, "कितने दिन का काम है?"

"मरने तक का."

बलरामला वाटलं असावं की मराठी लोकांत अशीच पद्धत असते. तो अंतरपाटाशी पोरीच्या मागं असा ताठ उभा राहिला, की मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या, पंगत बसली, तरी हलेना. कुणीतरी जेवायला ओढून नेलं. पण पुढचं ऐका. दोन वर्षांनी भेस्तानला त्या पोरीच्या सासरी तिला त्रास सुरू झाला. धुळ्याचा मामा अजून पत्रिकेवरच अडलेला. बलराम आपल्या खोलीतले सहा ओडिया कारागीर घेऊन भेस्तानला गेला आणि सातही जण तिच्या सासऱ्याच्या पुढच्या खोलीत मांडी घालून बसले. संध्याकाळपर्यंत बसले. ते काय बोलत होते त्यातला एक शब्दही सासऱ्याला कळला नाही, पण मुद्दा कळला. त्यानंतर पोरीला कुणी वावगं बोललं नाही. आप्पा ही हकिकत सांगताना छाती अशी पुढं काढायचे, की जणू मामा तेच होते.

आता आखाजीबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तिच्यापुढं दिवाळी फिकी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, सासूचा यथेच्छ उद्धार करतात आणि आमरस-पुरणपोळी हाणतात. लेकीला सासरहून आणायला भाऊ किंवा बाप जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. पण सुरतेहून चार दिवस गावाला जायला रजा कोण देणार? आणि ज्यांचे आईबाप गेले त्यांनी जायचं तरी कुणाकडे? म्हणून आप्पांनी माहेरंही नेमली होती. आखाजीच्या सकाळी आमच्या गल्ल्यांत जो प्रकार चालायचा तो पहिल्या वर्षी बघून मी खुळ्यासारखी हसत सुटले. तीन नंबरची बाई नवी साडी नेसून, हातात पिशवी घेऊन, मुऱ्हाळ्याच्या मागून पाच नंबरच्या गल्लीत माहेरी निघालेली. अंतर नव्वद पावलं. आणि तिचा नवरा दारात उभा राहून विचारतोय, "परत कधी येशील?"

आप्पांचं घरही असंच माहेर होतं. त्यांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. दोन पोरी त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतल्या होत्या, विमल आणि सुशीला. दोघी लग्न होऊन एका वर्षाच्या अंतरानं सुरतेला आल्या, दोघींना मागं कुणी नाही. "दोन्ही माझ्याच," आप्पा म्हणाले, आणि त्यानंतर बावीस-तेवीस वर्षं दोघी आखाजीला पाच नंबरला येत राहिल्या. आप्पा स्वतः जाऊन त्यांना घेऊन यायचे. खापरावरची मोठाली पुरणपोळीही स्वतःच करायला बसायचे. ती हातावर फिरवत फिरवत वाढवायची असते. आप्पांच्या हातून ती नेमकी जमिनीवर पडायची. मग दोघी लेकी पदर खोचून बसायच्या, आपल्याच माहेरी घाम गाळून रांधायच्या आणि आप्पा खाटेवरून ओरडायचे, "आराम करा वं माय, माहेरी आल्यात तुम्ही!"

मी या सगळ्यातून सात वर्षं अंग काढून राहिले. फक्त एकदा, प्लेगच्या त्या वर्षी, मला ताप आला. साधाच ताप होता, पण तेव्हा सुरतेत साधा ताप कुणालाच साधा वाटत नव्हता. अर्धं शहर गाडीला लोंबकळून पळालेलं. मी एसटीडी बूथवरून पुण्याला भावाला फोन केला. "आत्ता येऊ नकोस गं, मुलं लहान आहेत," तो म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मी बूथमध्ये रिसीव्हर धरून उभीच राहिले, एवढं खरं. आप्पांनी विमलला माझ्याकडे पाठवलं. ती चार दिवस माझ्या उशाशी बसून होती, तोंडाला फडकंबिडकं न बांधता. मी "जा, तुला लागण होईल" म्हटलं की ती म्हणायची, "बाई, जरा गप पडा."

विमलची मुलगी ज्योती माझी जुनी विद्यार्थिनी. सुशीलाचा मुलगा दिलीप हजीऱ्याला वेल्डरच्या हाताखाली लागलेला. दोघींना आप्पांनी बहिणी केलेलं, म्हणजे ही मुलं आपोआप मावस भावंडं. आता मागं वळून पाहिलं की सगळं लख्ख दिसतं. ज्योती गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरांना राखी बांधायची, पण दिलीपची पाळी आली की तिला नेमका ताप चढायचा. सहा वर्षं दर राखीला ताप! एवढी मोठी डॉक्टरी बाब आणि आप्पांसारख्या नाक खुपसणाऱ्या माणसाला संशय येऊ नये.

शेवटी डिंडोलीच्या रस्त्यावर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी आप्पांनी दोघांना एकाच ग्लासातून रस पिताना बघितलं. ते थेट माझ्याकडे आले. "बाई, कोणाला सांगू नका," त्यांनी सुरुवात केली आणि दहा मिनिटांत नऊ गल्ल्यांना बातमी पोचली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आप्पांच्या दारात माणसं जमली. विमल आणि सुशीला खाली मान घालून बसल्या होत्या. खरं तर दोघींना मनातून हे लग्न हवंच होतं. पोरं गुणी होती, एकमेकांत जीव अडकला होता. आडवा आला तो चार नंबरचा भटू. हाच, जो माझा भाऊ होता होता राहिला.

"आप्पा, मावस भावंडांचं लग्न लागतं का?"

"नाही लागत," आप्पा म्हणाले.

"मागच्या वर्षी माझ्या पुतण्याला याच कारणानं तुम्ही नाही म्हणालात. पोरगा महिनाभर जेवला नाही. मग आता?"

मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, कसली भावंडं घेऊन बसलात? रक्ताचं नातं तरी आहे का? आप्पांनी सोयीसाठी म्हटलं, म्हणून म्हटलं. खोटंखोटं आहे ते!"

आप्पांना मी त्या दिवशी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. सांगा मला, काय खोटं? बावीस वर्षं ही येते ते खोटं, की मी हिची वाट बघतो ते खोटं?"

ते पुढं म्हणाले, "मी आज खोटं म्हटलं, तर उद्या बलराम भेस्तानला कशाला जाईल? कोण कोणाच्या तिरडीला खांदा देईल? या पोरांसाठी मी एवढं मोडू?" आणि मग लगेच, त्याच आवाजात, "आणि हे नाही मोडलं तर पोरं मोडतात. काय करू?"

सभा तशीच उठली. तीन दिवस आप्पा कुणाशी बोलले नाहीत. नऊ गल्ल्यांत इतकी शांतता, की लोक एकमेकांना विचारायला लागले, आप्पा गावाला गेलेत का. चौथ्या दिवशी त्यांनी दोघी लेकींना बोलावलं. मीही गेले, कारण आता मला झोप लागत नव्हती. आप्पांनी तोडगा काढला होता. नातं खोटं म्हणायचं नाही. पण दोघींपैकी एकीनं हे माहेर सोडायचं आणि दुसरं घ्यायचं. मग त्या बहिणी राहत नाहीत आणि मुलं भावंडं राहत नाहीत. आम्हा शिक्षकांची बदली होते, तसंच.

"मी नाही सोडणार," सुशीला म्हणाली.

"मग मी काय सोडू?" विमल म्हणाली.

आणि जुंपली की हो! मुलांच्या लग्नासाठी तीन दिवस डोळे गाळणाऱ्या बायका बापावरून भांडायला लागल्या. आप्पांकडे होतं काय? एक खाट, एक टेबल फॅन आणि ते नाक. सुशीला म्हणे, मला त्यांनी बाळंतपणात डिंकाचे लाडू करून घातले. विमल म्हणे, ते लाडू मीच वळले होते. आप्पा मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. शेवटी सुशीला तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. विमल तिच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "राहू दे. माझी पोर आहे. मी सोडते."

पुढच्या रविवारी सकाळी आप्पा विमलला घेऊन माझ्या दारात उभे. विमलची ओटी भरलेली, हातात पिशवी.

"बाई, ही तुमची लेक."

"आप्पा, ही माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे!"

"मग काय झालं? समजूतदार आहे."

"दुसरं कोणी मिळालं नाही का तुम्हाला?"

"सगळ्यांच्या जागा भरल्या. तुमची एकटीची रिकामी आहे. सात वर्षं राखून ठेवली."

मी विमलकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. मी विचारलं, "आणि तुम्ही हिचे कोण?"

"मी सुशीलाचा बाप," आप्पा ओरडले, म्हणजे नेहमीसारखे बोलले. "मी मुलाकडचा. हिचा मी आता कोणी..." आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला. त्यांनी टॉवेलनं नाक पुसलं. मोठं नाक, वेळ लागला. मी म्हटलं, "ये विमल, आत ये."

लग्न दणक्यात झालं. भटूच्या पुतण्याचंही त्याच मांडवात उरकलं, कारण एकदा वाट सापडल्यावर भटू थोडाच सोडणार होता. आप्पा नवऱ्याचे आजोबा म्हणून वरपक्षात बसले आणि त्यांनी असा काही मान वसूल केला, की बघत राहावं. चहा गार आहे. उपरणं तोकडं आहे. मुलीकडच्यांनी पाय धुवायला कोमट पाणी का आणलं नाही? विमल कंबर कसून पळत होती आणि "चुकलं व्याहीबुवा" म्हणत होती. लोक हसून लोळत होते. मी मुलीची आजी म्हणून, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, काठापदराची साडी नेसून मिरवत होते. पाणी कोमट करायचं राहिलं ते माझ्यामुळेच.

त्यानंतर वर्षभरानं माझी शाळा बदलली आणि मी नदीपलीकडे राहायला गेले. आप्पा नंतरही भेटले, दोनदा, तीनदा. पण आप्पा म्हटलं की मला त्या लग्नानंतरची पहिली आखाजी आठवते.

माझ्याकडे मुऱ्हाळी पाठवायला कोण? मीच छत्री घेऊन विमलला आणायला गेले. तिची गल्ली तीन, माझी सात. वाटेत पाच येतेच. आप्पांच्या घरातून पुरणाचा वास येत होता, सुशीला आत झोक्यावर गाणं म्हणत होती. आप्पा उंबऱ्यावर बसलेले. विमलचे पाय आपोआप त्यांच्या दाराकडे वळले. पायरीवर तिनं एक पाय ठेवलासुद्धा.

आप्पा उठून उभे राहिले. टोपी सारखी केली आणि व्याह्यानं विहिणीला करावा तसा दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"रामराम विहीणबाई. कुठं निघाल्या?"

विमलनं पाय खाली घेतला. डोक्यावर पदर घेतला. "माहेरी," ती म्हणाली.

"जा, जा. उन्हात थांबू नका. घरचे वाट बघत असतील."

घरचे म्हणजे मी, आणि मी तर तिथंच छत्री धरून उभी होते. आम्ही पुढं निघालो. आतून सुशीलानं हाक मारली, "आप्पा, पोळी गार होतेय." मी वळून पाहिलं. आप्पा आत गेले नव्हते. हात तसेच जोडलेले होते आणि ते विमलच्या पाठीकडे बघत होते.

विमल वाटेत एकदाही मागं वळली नाही. माझ्या खोलीत आली, पिशवी खाली ठेवली, जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, "बाई, आता रडू का? माहेरी आलेय ना मी."

"रड," मी म्हटलं. "पोटभर रड."